गॅझेटच्या आधीचं नाव

नाव चुकलेला माणूस हेच माझ्या धंद्यातलं मुख्य गिऱ्हाईक. परभणीहून पूर्णेकडे निघालं की पहिलं स्टेशन आमचं पिंगळी. इथं मी सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, ई-केवायसी, सातबारा, आणि लग्नसराईत पत्रिकांचं टायपिंग. आधारवर ज्ञानेश्वर, सातबाऱ्यावर ज्ञानोबा, पासबुकावर डी. बी. आणि गावात माउली, असे म्हातारे माझ्याकडे रोज येतात. विम्याचे पैसे ज्ञानोबाचे, खातं ज्ञानेश्वरचं आणि पोर्टल म्हणतं की हे दोघं वेगळे. मग ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’ असं प्रतिज्ञापत्र करायचं. ते मला आता पाठ आहे, झोपेतसुद्धा टाइप करीन.

एका माणसाला तीन नावं असण्याचं आमच्याकडे कुणाला नवल नाही. पाळण्यातलं वेगळं, मास्तरांनी रजिस्टरात घातलेलं वेगळं, गावाने दिलेलं वेगळं. नवल वाटतं ते एखाद्याने स्वतःचं नाव स्वतः ठेवलं की. त्यातून तो माणूस बाईचा पुरुष किंवा पुरुषाची बाई होत असेल, तर नवलाचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

खाली जे सांगतोय त्यातले गाव-नात्याचे तपशील बदललेत. आमच्याकडे माणूस ओळखायला चपलेचा रंगसुद्धा पुरतो.

तो पहिल्यांदा आला तेव्हा केंद्र बंद करायची वेळ झाली होती. पंचक्रोशीतलाच, पुण्याकडे कंपनीत कामाला. कागदावर मुलगी. डोक्याचे केस बारीक, आवाज नुकता फुटायला लागलेला, आणि सोबत आई. गर्दी सरेपर्यंत दोघं बाहेर बाकावर बसून होती, ते मी आतून बघत होतो. त्या वेळेला येणारं गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं, उधारीवाला नाहीतर ज्याचा कागद चारचौघांत उघडता येत नाही असा.

केंद्रातली सगळ्यात अवघड गोष्ट अर्ज भरणं नव्हे, हाक मारणं. प्रिंट निघाली की स्क्रीनवर दिसेल ते नाव मी मोठ्याने पुकारतो. बाहेर दहा-पंधरा माणसं असतात. मिशी फुटलेल्या पोराच्या नावाने ‘अमुकबाई’ असा पुकारा झाला की सगळे वळून बघणार. त्याने पहिली विनंती केली ती एवढीच, की पुढच्या वेळेपासून नाव पुकारू नका. नवं नावही पुकारू नका, कारण बाहेर त्याच्या वर्गातलं कुणी बसलं असेल तर मग जुनं नाव ते ओरडून सांगतील. म्हणून तोडगा काढला आडनावाचा. पण आमच्याकडे निम्म्या गावाचं आडनाव एकच. आडनाव पुकारलं की चार माणसं उठतात आणि तीन परत बसतात. त्यातला कोण कशासाठी आला होता हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. झाकायला याहून बरी जागा नाही.

दुसरी अडचण बोलण्याची. आपल्या भाषेत नुसतं नाव बदलून भागत नाही. आलास म्हणायचं की आलीस, हा प्रश्न दारातच उभा राहतो. मी त्याला ‘या, बसा, कधी आलात’ करून टाकलं. अहो-जाहोत माणूस ना बाई असतो ना पुरुष. तर आईच हसली. म्हणाली, “ह्याला कशाला अहो-जाहो करता? तुमच्या पोरापेक्षा लहान आहे तो.” मी बोटं कीबोर्डवरच ठेवली. आमच्याकडे आया लेकीलासुद्धा लाडाने ‘आला का माझा बाळ, जेवला का’ म्हणतात. तेव्हा ते लाडाचं होतं की कसं, हे त्या माउलीलाच ठाऊक.

मग मी विचारलं, नवं नाव काय लिहायचं? त्याने आईकडे बघितलं. आई भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघायला लागली. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी पोरगाच हसत म्हणाला, “ती नाही सांगणार. आजोबांचं नाव घेतलंय मी.”

आता मराठवाड्यात वाढलेल्याला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत जुनी, आणि अशा नातवाला आई जन्मभर आबा, बापू, अण्णा असं काहीतरी म्हणत राहते. त्या बाईची अडचण लेकीचा लेक झाला ही नव्हती. निदान त्या घडीला नव्हती. “मामंजींचं नाव मी कसं घेऊ? मी आबाच म्हणते,” ती म्हणाली. म्हणजे घरात नव्या नावाने हाक मारणं सुरूही झालं होतं आणि नाव मात्र एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं.

आजोबांचं नाव घेण्यात त्या पोराची हुशारी किती आणि माया किती, मी विचारलं नाही. चुलत्यांचं तोंड मात्र त्याने बंद केलं होतं. घरात सगळ्यात आदराचं जे नाव, त्याला नाक मुरडणार कोण?

मी त्याला ललित साळवेंची गोष्ट सांगितली. ती त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती, पण आईला माहीत नव्हती आणि मला तीच ऐकवायची होती. आमच्या पाथरी तालुक्याला लागून बीड जिल्ह्यातला माजलगाव तालुका, त्यातलं राजेगाव. तिथली ललिता साळवे बीड पोलिसांत महिला शिपाई म्हणून भरती झालेली. वैद्यकीय तपासण्या झाल्या आणि २०१७ मध्ये लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी महिन्याभराची रजा मागितली. रजेचा साधा अर्ज, पण तो पोलीस महासंचालकांच्या कार्यालयापर्यंत गेला आणि नाकारला गेला. महिला आणि पुरुष शिपायांच्या भरतीचे निकष वेगळे, उंची वेगळी, मग महिला म्हणून घेतलेला माणूस पुरुष म्हणून ठेवायचा कसा, असा तो पेच. नोव्हेंबरात प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं की हा नोकरीचा विषय आहे, मॅटकडे जा. मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीही गृहखात्याला सहानुभूतीने बघायला सांगितलं. अखेर परवानगी मिळाली आणि २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढे ललित साळवे पुरुष शिपाई म्हणून बीडमध्येच रुजू झाले. २०२० मध्ये लग्न झालं, २०२४ च्या जानेवारीत मुलगा झाला.

पेपरवाल्यांनी हे सगळं रंगवून छापलं. माझी नजर कारकुनाची, ती भलतीकडेच गेली. ललिता आणि ललित. फरक एका कान्याचा. माझ्याकडे असा काना रोज गळतो, रोज वाढतो, आणि प्रतिज्ञापत्राने त्याच दिवशी जागेवर बसतो. तोच काना या माणसाला काढायचा होता, तर बीड, मग महासंचालक, मग उच्च न्यायालय, मग मॅट, मग मंत्रालय. आणि त्या सगळ्या कागदांवर सही कुठल्या नावाने? जुन्याच. जे नाव सोडायचंय ते सोडण्यासाठी आधी तेच पुन्हापुन्हा लिहून द्यायचं, ही आपल्या दफ्तराची रीत. माझ्या समोर बसलेल्या पोरानेही त्या दिवशी जुनं नाव इतक्यांदा लिहिलं असेल, की एरवी वर्षभरात लिहीत नसेल.

इथं एक सांगायचा मोह आवरत नाही. लग्नात नवरी माप ओलांडून घरात येते. ताटात तांदूळ पसरलेले असतात, नवरा अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्ली तिला त्या नावाने हाक मारते. कागद कुठला? कागद सहा महिन्यांनी, कधी पहिलं मूल झाल्यावर, रेशनकार्डात नाव घालायची वेळ आली की माझ्याकडे येतो. तोपर्यंत माहेरचं आधार आणि सासरची हाक अशी ती दोन नावांत राहते. “आधी नावबदलाचं गॅझेट दाखव, मग हाक मारतो,” असं म्हटलेला सासरा मी अजून बघितला नाही. तिच्याबाबतीत नाव आधी आणि कागद मागून, हे आपण शेकडो वर्षं चालवून घेतलं. बरं, तिथं बहुतेक वेळा नाव तिने निवडलेलंही नसतं. ज्याने स्वतः निवडलं त्याच्याकडेच कागद कसा मागतो आपण?

आता कागदाचं बोलू. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात, माणसाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पुढे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आणि त्याचे २०२० चे नियम आले. त्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा, ओळखीच्या या प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय तपासणीची अट नव्हती, अर्जात जन्माचं नाव आणि बदललेलं नाव दोन्हींना जागा. शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष असं नोंदवून घ्यायचं असेल तर पुन्हा वेगळा अर्ज. प्रमाणपत्र मिळालं की जन्मदाखल्यावर आणि इतर कागदांवर पहिलं नाव बदलण्याचा हक्क कायद्यानेच दिला. वाचायला सरळ आहे. पण अर्ज कुठल्या जिल्ह्यात? तर जिथं सलग बारा महिने राहिलात तिथं. हा पुण्यात राहतो, आधारचा पत्ता परभणी जिल्ह्याचा. पुण्यात भाड्याच्या खोलीत चौघं, करार एकाच्याच नावावर. मालकाकडे करार मागायचा तर कुठल्या नावाने मागायचा? खोली घेताना मालकाला नवं नाव सांगितलेलं, आधारची झेरॉक्स द्यायची टाळलेली.

अशा मधल्या काळात माणूस कसा राहतो, ते मला त्याच्याकडूनच कळलं. कंपनीच्या गेटपासवर जुनं नाव, म्हणून तो पास शर्टाच्या आत घालायचा. लाइनवरची पोरं नव्या नावाने ओळखतात. व्हॉट्सअॅपला परवानगी लागत नाही, तिथं नवं नाव. पण टपरीवर चहाचे पैसे फोनवरून दिले की समोरच्याच्या फोनवर बँकेतलं नाव उमटतं. चहावाला बघतो, परत तोंडाकडे बघतो. म्हणून हा खिशात कायम दहा-वीसच्या नोटा ठेवतो. सुट्ट्या पैशांची एवढी काळजी घेणारा पोरगा मी दुसरा बघितला नाही. गावाकडून कुणी पैसे पाठवायचे तर आईच्या खात्यातून. एकदा मित्रांनी जेवणाची वर्गणी काढली, सगळ्यांनी स्कॅनरवर टाकली, हा म्हणाला माझा फोन बंद पडलाय. फोन खिशात वाजत होता.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बोटाचा ठसा जुळतो. मशिनीवर त्याने अंगठा ठेवला आणि हिरवा दिवा लागला. मशिनीला फक्त अंगठा ओळखायचा असतो. अडचण पुढच्या टेबलावर असते, जिथं माणूस बसलेला असतो आणि तो फोटो, चेहरा आणि नाव ही तीन एकमेकांशी लावून बघतो. आधारमध्ये नाव दोनदा बदलता येतं आणि लिंग एकदाच, हे मी त्याला आधीच बजावलं होतं. घाईत एखादी संधी वाया घालवू नकोस, नावाचं स्पेलिंग आजच ठरव, ‘राव’ लावणार की नाही तेही ठरव. आजोबांच्या नावापुढे राव होतं. त्याने राव लावलं नाही. “एवढा मोठा नाही मी अजून,” म्हणाला.

शाळेच्या दाखल्याचं घोडं मात्र अजून अडलेलं आहे. एकदा टीसी काढून गेलेल्याच्या जनरल रजिस्टरला हात लावायला कुठलीही शाळा सहसा तयार होत नाही, मग कारण काही का असेना. मास्तर माणूस भला असला तरी त्याला पुढच्या तपासणीची धास्ती असते.

२०२२ च्या पोलीस भरतीचे अर्ज भरताना माझ्या केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. ऑनलाइन अर्जात लिंगाच्या रकान्यात तेव्हा दोनच पर्याय. त्याविरुद्ध आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या तृतीयपंथी उमेदवारांनी मॅटकडे दाद मागितली होती. सरकार मॅटच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबरात न्यायालयाने सरकारला चांगलंच सुनावलं. मग अर्जात तिसरा पर्याय आला. नाशिकपासून नांदेडपर्यंत आमच्यासारख्या केंद्रवाल्यांनी तो बघितला असेल. माझ्याकडे अर्ज भरणारी पोरं तो पर्याय बघून एकमेकांना कोपरं मारत होती. एकाने गंमत म्हणून मित्राच्या अर्जात त्यावर क्लिक केलं आणि मग सगळा अर्ज पहिल्यापासून भरायची पाळी आली. मी जादा पैसे लावले.

तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचं प्रकरण त्याच्याही आधीचं. जळगाव जिल्ह्यातली भादली बुद्रुक ग्रामपंचायत, महिलांसाठी राखीव जागा, आणि निवडणूक अधिकाऱ्याने अर्ज बाद केलेला. २ जानेवारी २०२१ रोजी औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना महिला म्हणून लढायला परवानगी दिली. पुढे सोयीप्रमाणे पुन्हा पुरुष म्हणून दावा करायचा नाही, एवढी अट घातली. त्या निवडून आल्या. आमच्याकडे राखीव जागेसाठी कोण काय काय कागद काढतं हे मला माहीत असल्याने ती अट वाचून मला हसू आलं. अट सगळ्यांनाच घाला की!

किन्नर मंडळींचा रस्ता या सगळ्याहून जुना. तिथं गुरूने नाव दिलं की घराण्यापुरता विषय संपतो. सरकारी अर्जातल्या वडिलांच्या रकान्यात काय लिहायचं, तो प्रश्न मग माझ्या खिडकीशी येतो. किन्नर समाजातल्याच लक्ष्मी त्रिपाठी नालसा खटल्यात होत्या. त्यांचं जन्मनाव लक्ष्मीनारायण. त्यांनी लक्ष्मी आणि नारायण दोन्ही ठेवले. असं सोपं नशीब सगळ्यांचं नसतं.

परत आमच्या पोराकडे. त्याच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं आणि पत्रिका माझ्याकडेच टाइप करायला आली. पत्रिका हे गावातलं सगळ्यात नाजूक कागदपत्र. वर देवाचं नाव, मग कैलासवासी वडीलधारे, मग निमंत्रक, प्रेषक, आपले नम्र, आणि तळाला किलबिल. भावकीतलं एखादं नाव गळलं तर दहा वर्षं बोलणं बंद. चुलते यादी घेऊन आले. तळाच्या नावांत कु. लावून जुनं नाव होतं. मी काही बोललो नाही, टाइप केलं.

रात्री त्यांचा फोन. आवाज बारीक, बहुधा घराबाहेर येऊन बोलत होते. “ते खालचं एक नाव आहे ना, ते बदल. कु. काढून चि. कर. नाव आमच्या वडिलांचं घाल.” मी म्हटलं, नक्की ना? “पोरगा लग्नात मांडवात फिरणार,” ते म्हणाले, “पाहुणे विचारतील हा कोण. पत्रिकेत असलं म्हणजे सांगायचं काम राहत नाही.” वहिनीने सांगितलं का, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, “ती कशी सांगेल, तिला नाव घेता येतं का?” आणि दोघंही हसलो.

झालं असं, की पत्रिकेत एकच नाव दोनदा आलं. वर ‘कै.’ लावून आजोबा, खाली ‘चि.’ लावून नातू. छापखान्यातल्या प्रूफ बघणाऱ्या पोराने ती माझी चूक समजून खालचं नाव उडवलं आणि वर मलाच फोन करून सांगितलं की काका, तुमचं डबल झालं होतं, मी दुरुस्त केलं. छपाईला जायच्या आत ते परत घालून घेतलं. कुणाचं नाव, का, हे त्याने विचारलं नाही. त्याला फक्त ओळ खाली सरकणार की नाही याची काळजी.

सगळ्यांनीच एवढं समजून घेतलं असं कुणी समजू नये. भावकीतले एक म्हातारबा आजही भर चौकात मुद्दाम जुन्या नावाने हाक मारतात, आणि पोरगा वळत नाही म्हणून अजून जोरात मारतात. एक मावशी लग्नाला आलीच नाही, कारण सांगितलं गुडघ्याचं. पोरगा मांडवात वाढपी म्हणून फिरला, धोतर-फेट्याचा आग्रह झाला तरी पँटवरच राहिला. पुण्याच्या मालकाने अखेर करार करून द्यायचं कबूल केलंय. बारा महिने तेव्हापासून मोजायचे की आधीचे धरायचे, याची विचारपूस मी कलेक्टर कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाकडे करतोय.

पत्रिका वाटल्यावर मात्र मी दोन दिवस धास्तीत होतो. फोनही आले, तीन-चार आले. एकाचं म्हणणं, माझं नाव धाकट्या भावाच्या खाली का? दुसऱ्याचं, माझ्या नावापुढे ‘माजी चेअरमन’ का नाही? आणि एक जण तर थेट दुकानातच आला, कारण ‘आपले नम्र’मध्ये त्याच्या साडूचं नाव होतं आणि त्याचं नव्हतं.